कापडाच्या दुकानातली पाण्याची वाटी

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्या घरातून जी पिशवी बाजारात जाते, तिच्यात बायको न चुकता एक पांढरा रुमाल टाकते. पिंपरी कॅम्पातल्या कापडाच्या दुकानात बसलं की दुकानदार आधी पाण्याची वाटी पुढे सरकवतो. वाटीत रुमालाचं टोक बुडवायचं, पिळायचं आणि आवडलेल्या कापडावर चार वेळा जोरात घासायचं. रुमाल पांढरा राहिला तर किती वार हवं ते सांगायचं, नाहीतर उठून पुढच्या दुकानात जायचं. चिखली, चऱ्होलीकडच्या बायका बैलगाडीतून यायच्या तेव्हापासून हे चालू आहे. आता त्यांच्या सुना येतात. तळेगावच्या बायका गाडीनं येतात. त्या रविवारी कॅम्पाच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, आणि दुकानात चहा मिळाला नाही तरी चालतं, पण वाटी नसली तर बायका दुकान चढत नाहीत.

यंदा सून नवीन आहे, बार्शीकडची. तिला ह्या वाटीचं फार नवल वाटलं. रात्रीचं जेवण झाल्यावर तिनं सासूला विचारलं, हे कुणी सुरू केलं म्हणून. बायकोनं दर वर्षी सांगते तेच सांगितलं.

"कॅम्पातल्या एका दुकानदारानं आमच्या नऊ खोल्यांच्या सगळ्या ओळीला फसवलं होतं. कच्च्या रंगाचं कापड पक्कं म्हणून गळ्यात मारलं. मग पुढच्या वर्षी ह्यांनी त्याच्याच दुकानात, सगळ्यांच्या देखत वाटी मागवली. तेव्हापासून."

सून माझ्याकडे वळली. "खरंच बाबा? तुम्ही सुरू केलं हे?"

मी हो म्हणालो.

ते खोटं नव्हतं. वाटी मीच मागवली होती. पण बायकोनं सांगितलेल्या गोष्टीत एक माणूस आहे आणि त्याच्यावर जे घातलंय ते त्याचं नाही, माझं आहे. इतकी वर्षं ती गोष्ट माझ्या समोर सांगितली जाते आणि मी मान हलवतो. मान हलवण्याचाही शीण येतो, हे आता पन्नाशी उलटल्यावर कळतंय. म्हणून लिहायला बसलो आहे.

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या पुढची ती वर्षं. पिंपरीला नवा कारखाना उभा राहिला होता आणि मी तिथे स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागलो होतो. माझं गाव साताऱ्याकडे. राहायला जागा मिळेना तेव्हा पिंपरी गावातल्या एका शेतकरी बाईनं रेल्वेच्या अलीकडे पत्र्याच्या नऊ खोल्या बांधल्या होत्या, त्यातली एक घेतली. ओळीत कुणी परभणीकडचं, कुणी राजापूरचं, कुणी नगरचं. सगळे कारखान्यातलेच. बायका एकमेकींची भाषा ऐकून हसायच्या आणि मग तेच शब्द वापरायच्या. मालकीणबाई शेवटच्या खोलीला लागून असलेल्या आपल्या घरात राहायच्या. सगळी ओळ त्यांना आत्या म्हणायची.

दिवाळीला सगळ्या ओळीनं मिळून कापडाचा एक तागा आणायचा, अशी आमच्यात रीत पडली होती. एका ताग्यातून नऊ घरांच्या मुलींचे परकर-पोलके, मुलांचे सदरे, तान्ह्यांची झबली. अख्खा तागा घेतला की दुकानदार भाव उतरवायचा आणि चिंचवडचा शिंपी एकाच मापानं भराभर शिवून द्यायचा. कापड आणायला पुरुष जायचा, एकटा. बायकांनी कॅम्पात जायचं नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं, पण त्या जात नसत. कॅम्पात फाळणीनंतर आलेले सिंधी लोक होते. बराकींच्या पुढच्या अंगाला फळ्या टाकून त्यांनी दुकानं मांडली होती. आमच्या ओळीतल्या निम्म्या बायकांनी कॅम्प लांबूनच पाहिला होता.

मी आलो त्याच्या पुढच्या वर्षी कापड आणलं टर्नरनं. परभणीकडचा माणूस, कारखान्यात लेथवर होता म्हणून सगळे त्याला टर्नरच म्हणायचे. माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा, मोठ्या आवाजाचा आणि मोकळ्या मनाचा. त्यानं आणलं करड्या रंगावर निळ्या रेघांचं जाड कापड. टिकायला उत्तम. पण दिवाळीच्या सकाळी ओळीतली सगळी मुलं ते कपडे घालून अंगणात उभी राहिली तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणालो, "टर्नर, हजेरी घ्या. एखादा कैदी पळाला असेल."

सगळी ओळ पोट धरून हसली. तोही हसला. मग ते थांबेना. वर्षभर ती दिवाळी "जेलची दिवाळी" झाली. मुलं शाळेतून आली की मी विचारायचो, सुटका झाली का. टर्नरची बायको एकदा माझ्या बायकोजवळ म्हणाली, की भाऊजींना म्हणावं, पुरे आता. मला पुरे कळलं नाही. हशा माझ्या बाजूनं होता.

नवरात्र संपलं तेव्हा टर्नर सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्या साली तागा स्टोअरवाल्यांनी आणायचा. कारखान्याचा माल तपासून घेत्यात, कापड कसं आणत्यात बघू की राव."

नाही म्हणता आलं नाही. खरं तर म्हणायचं नव्हतंच.

मी ज्या दुकानात गेलो, तिथला दुकानदार चाळिशीचा असेल. काटकुळा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तिकडे सिंधमध्ये त्यांचं मोठं दुकान होतं म्हणे. इथे बराकीच्या ओट्यावर दोन बाकं आणि मागे खोक्यांच्या फळ्या. आत पडदा, पडद्यामागे घर. मी स्टोअरमध्ये आहे म्हटल्यावर त्यानं मला आदरानं बसवलं. पक्क्या रंगाचा एकच अख्खा तागा त्याच्याकडे होता, मातकट रंगाचा, बारीक ठिपक्यांचा. चांगला होता. पण तो पाहताच मला टर्नरचा आवाज ऐकू आला. ह्या वर्षी मातीची दिवाळी.

वरच्या फळीवर डाळिंबी रंगाची छीट होती. पांढऱ्या कळ्या, हिरवी पानं. मी बोट दाखवलं.

"वो नहीं साब. वो रंग कच्चा है."

"दाखवा तर."

त्यानं तागा उतरवला, पण उघडताना बोलत राहिला. हिंदीत मराठी मिसळून बोलायचा. "पडद्याला लोक नेतात. कपडे शिवायचे असतील तर आधी मिठाच्या पाण्यात एक रात्र ठेवा. मग साध्या पाण्यात, दोन-तीन बार. सावलीत सुकवा. तब शिंपी. आणि छोटे बच्चे को मत पहनाओ. अंगाला तेल लागलं की रंग उतरतो."

मी हो हो म्हणत कापड हातात घेऊन पाहत होतो.

"साब, मैंने क्या बोला?"

त्यानं माझ्याकडून ते म्हणवून घेतलं. शाळेतल्या मास्तरसारखं. मीठ, एक रात्र, सावली, लहान मूल नाही. मी सगळं बरोबर म्हणून दाखवलं. आजही म्हणता येतं.

तागा खांद्यावर घेऊन ओळीत शिरलो तेव्हा बायका पाणी भरत होत्या. भांडी तशीच ठेवून आल्या. डाळिंबी रंग बघून राजापूरच्या वहिनींनी गालाला कापड लावून पाहिलं. टर्नर म्हणाला, "हरलो राव." त्याच्या बायकोनं पहिल्यांदाच माझ्याकडे बघून मोकळं हसून घेतलं. आणि चिंचवडचा शिंपी आत्यांच्या ओट्यावर बसलेला होता. म्हणाला, "आज कापड हातात पडलं तर दिवाळीला कपडे. उद्या आणलंत तर तुळशीच्या लग्नाला घ्या."

भिजवायला एक रात्र, वाळायला एक दिवस. मी हिशोब केला तो एवढाच. सांगितलं असतं तर लगेच कुणीतरी विचारलं असतं, मग असलं कापड आणलंत कशाला? आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं.

आत्यांनी कापडाची कड चिमटीत धरली. "रंग पक्का हाय ना रं भाऊ?"

"पक्का," मी म्हणालो.

त्यानंतरच्या दहा-बारा दिवसांत मला सांगता आलं असतं. कपडे शिवून आल्यावरही मिठात घालता आले असते. दर संध्याकाळी वाटायचं की आज बोलू, आणि दर संध्याकाळी कुणीतरी त्या रंगाचं कौतुक करायचं. एक दिवस मी मनाशी ठरवून टाकलं की दुकानदार लोक उगीच वाढवून सांगतात.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीच्या पहाटे थंडी चांगली होती. ओळीत नऊ चुली पेटलेल्या, तेल-उटण्याचा वास. मुलं ओल्या अंगानंच नव्या कपड्यांत शिरली. उजाडेपर्यंत सगळ्यांच्या माना, काखा, मनगटं लाल झाली होती. आधी हसूच आलं सगळ्यांना. कुणीतरी म्हणालं, उटण्यात कुंकू घातलंत काय. मग टर्नरच्या घरातून त्याच्या बायकोची हाक आली, आणि ती हाक हसण्यातली नव्हती. तिची सात महिन्यांची मुलगी झबल्याची बाही चोखत पडली होती. ओठ, हनुवटी, जीभ लाल. टर्नरनं पोरीला तसंच उचललं आणि अनवाणी चिंचवडच्या डॉक्टरकडे पळत सुटला.

तो परत येईपर्यंत तासभर गेला असेल. पोरीला काही झालं नव्हतं, रंगच होता. डॉक्टरांनी तोंड पुसून साखर चाटवली होती. पण त्या तासात ओळीत कुणी फराळाचा डबा उघडला नाही. मी दारात उभा होतो. तो तास मी माझ्या आयुष्यातून काढून टाकू शकलो नाही. तेव्हा सांगायचं ठरवलं होतं, शपथ घेतली होती मनात, की पोरगी हसत आली तर सगळं सांगेन.

पोरगी हसत आली. टर्नर मात्र रडत होता. एवढा दांडगा माणूस अंगणात उभं राहून रडतो आहे हे मी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं विचारलं, "त्यो पक्का म्हणला होता ना तुमाला?"

सगळी ओळ माझ्याकडे बघत होती. बायकोही.

"हो," मी म्हणालो. "पक्का म्हणूनच दिलं त्यानं."

आम्ही पाच जण गेलो. बायका ओळीच्या टोकापर्यंत आल्या, आणि माझी बायको, जी कधी मोठ्यानं बोलत नसे, ती मागून म्हणाली, "लेकराच्या तोंडाशी खेळणाऱ्याचं चांगलं व्हायचं नाही, सांगा त्याला." हे वाक्य मी पुढे कधी विसरलो नाही, कारण ते कुणाला लागू होतं हे फक्त मलाच ठाऊक होतं.

दुकान उघडं होतं. त्यानं आम्हांला येताना पाहिलं आणि सण म्हणून हात जोडले. टर्नरनं ते लाल झबलं त्याच्या पुढ्यात फेकलं आणि बोलायला सुरुवात केली. काय काय बोलला ते लिहीत नाही. मध्येच तो माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, "साब, मैंने तो बताया था..."

"काय बताया था?" मी म्हणालो. "पक्का म्हणालात तुम्ही."

माझा आवाज मलाच परका वाटला. इतका खणखणीत होता.

तो माझ्याकडे बघत राहिला. राग नव्हता त्याच्या नजरेत. एखादा हिशोब चुकतोय कुठे ते शोधावं तसा चेहरा होता. पडदा थोडा हलला, आतून एक म्हातारी बाई बघत होती, तिच्या मागे आणखी कुणीतरी. ओट्यासमोर माणसं जमू लागली होती. त्यानं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा आम्हां पाच जणांकडे. मग चष्मा काढला, पुसला.

"गलती हो गयी," तो म्हणाला. "माझी चूक."

त्यानं तो मातकट ठिपक्यांचा तागा काढून टर्नरच्या हातात दिला. बदल्यात काही घेतलं नाही. परतताना टर्नर म्हणाला, "चोर असला तरी कबूल झाला गडी." मातकट कापडाचे कपडे तुळशीच्या लग्नाला आले आणि पुढं तीन वर्षं टिकले.

ते प्रकरण तिथे संपेल असं मला वाटलं होतं. पण कारखान्याच्या कँटीनमध्ये तेच बोलणं झालं. तीनही शिफ्टमध्ये ते गेलं. दुकानाला नाव पडलं "कच्चं दुकान." कुणी मुद्दाम वाईट बोलायचं म्हणून नव्हे, खूण म्हणून. कच्च्या दुकानाच्या पुढे डाव्या हाताला वळा, तिथे चपला चांगल्या मिळतात. एकदा मीही कुणाला तसा पत्ता सांगितला. सांगून झाल्यावर लक्षात आलं.

पुढच्या दिवाळीला महिना राहिला असताना शिफ्ट सुटली तेव्हा तो गेटच्या बाहेर उभा होता. मला पाहून पुढे आला. मी आधी इकडे-तिकडे बघून घेतलं, सोबत कोण आहे ते. तेही त्यानं पाहिलं.

"साब, दो मिनिट."

आम्ही रस्त्याच्या कडेच्या बाभळीखाली उभे राहिलो. तो म्हणाला की त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न जमत होतं. मुलाकडचे कॅम्पात चौकशीला आले आणि त्यांना कुणीतरी दुकानाचं नाव सांगितलं. बोलणी थांबली आहेत. मोडलेली नाहीत, थांबली आहेत. "हमारे पास अब और क्या है साब. जमीन तो उधर रह गयी. इधर सिर्फ जबान है."

मी खाली बघत होतो.

"झूठ बोला असं म्हणू नका. मी ते मागत नाही. बस इतना बोलो कि मैंने बताया था, आप भूल गये. विसरलो म्हणा. विसरतो माणूस. एक बार, दुकानाच्या समोर, आपके लोगों के सामने."

विसरलो म्हणा. इतकं सोपं करून त्यानं ते माझ्या हातात दिलं होतं. मी म्हणालो, "दिवाळीच्या आधीच्या रविवारी येतो. सगळ्यांना घेऊन येतो."

त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला.

ओळीत मी सांगितलं की ह्या वेळी बायकांनी स्वतः कापड बघायला चलावं. हे कुणालाच अवघड गेलं नाही. पुरुषांनी आणलेल्या कापडाची दोन वर्षं त्यांनी पाहिली होती. आत्या म्हणाल्या, "आमीबी येतो. बघू तरी कसा हाय त्यो." नऊ घरच्या बायका, आत्या, कडेवरची मुलं आणि टर्नर, असा सगळा लवाजमा घेऊन मी त्या रविवारी निघालो. वाटेत दुसऱ्या ओळीतल्या बायकाही लागल्या. बायकोनं लग्नातलं लुगडं नेसलं होतं. मी वाटभर ते वाक्य मनात म्हणत होतो. ह्यांनी सांगितलं होतं, मी विसरलो.

त्यानं ओटा सारवला होता. बाकांवर पांढऱ्या चादरी घातल्या होत्या. पडद्याजवळ ती म्हातारी आई बसली होती, आणि तिच्या शेजारी एक मुलगी, डोक्यावरून ओढणी घेतलेली. तीच बहीण असणार. शेजारच्या दुकानांतले दोन-तीन सिंधी गृहस्थ उगीच येऊन उभे राहिल्यासारखे उभे होते. त्यानं त्यांना बोलावून ठेवलं होतं हे मला दिसलं.

बायका बसल्या. कुणी कापडाला हात लावेना. तो माझ्याकडे बघत होता. मी घसा साफ केला.

तेवढ्यात टर्नर मोठ्यानं म्हणाला, "काय सेठ, ह्या साली बी पक्काच का?"

सगळे हसले. मागच्या दिवाळीपासून पहिल्यांदाच तो हसत होता. त्याच्या बायकोच्या मांडीवर ती पोरगी होती, आता चालायला लागलेली. मी त्या पोरीकडे पाहिलं. मी विसरलो, हे वाक्य तिच्या आईच्या कानांत कसं शिरेल ते मला दिसलं. तान्ह्या मुलाला घालू नका असं सांगितलं होतं आणि भाऊजी विसरले. मग वर्षभर बोलले नाहीत. वर त्या माणसाच्या तोंडावर खोटं बोलले.

"सेठ," मी म्हणालो, "एका वाटीत पाणी आणा."

त्याला कळलं नाही. बहीण उठून आत गेली आणि पितळेची वाटी घेऊन आली. मी खिशातला पांढरा रुमाल काढला, टोक भिजवलं आणि समोरच्या निळ्या कापडावर घासलं. मग रुमाल वर धरून सगळ्यांना दाखवला. पांढराच होता.

"बघा. ह्याला म्हणतात पक्का. आता बोलण्यावर जायचं कारण नाही."

मग जे झालं ते माझ्या हातात राहिलं नाही. राजापूरच्या वहिनींनी रुमाल मागितला. त्यांच्यानंतर आत्यांनी पदराचं टोक भिजवलं. बायका एकेक तागा उतरवायला लावू लागल्या, घासू लागल्या, एकमेकींना पदर दाखवू लागल्या. दुसऱ्या ओळीतल्या ओट्यावर चढल्या. एवढी गर्दी त्या गल्लीनं पाहिली नसेल. तो दिवसभर कापड मोजत होता, फाडत होता, घड्या घालत होता. त्या एका रविवारी त्यानं वर्षाचं कापड विकलं असेल.

निघताना आत्या समाधानानं म्हणाल्या, "आता न्हाई फसवायचा त्यो. वाटीनं सरळ केला."

हे त्यानं ऐकलं. शेजारच्या दुकानवाल्यांनीही ऐकलं. बहीण वाटी उचलत होती, तिचा हात थांबला आणि मग तिनं वाटी आत नेली.

सगळ्यांना पुढे जाऊ देऊन मी मागे थांबलो. काय बोलणार होतो कोण जाणे. तो कापड मोजायचा गज पुसत होता.

"पानी तो मेरे पास भी था, साब," तो म्हणाला. "मी बात मागितली होती."

लग्नाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. विचारायला तोंड नव्हतं. पुढच्या दिवाळीला गल्लीतल्या प्रत्येक दुकानात वाटी होती. बायका रुमाल घेऊन येऊ लागल्या. रविवार ठरून गेला. कॅम्पाचा बाजार वाढला, त्यात त्याचंही दुकान बरं चाललं असावं, पण कापड घासताना सगळ्यांत जोर त्याच्याच दुकानात लागायचा. तीन-चार वर्षांनी एका दिवाळीला तिथे दुसराच माणूस बसलेला दिसला. आधीचे गेले म्हणाला, कल्याणकडे, नातेवाइकांकडे. ओळीत आणि नंतर कॉलनीत मला मान मिळाला. बायकांना कापड पारखायला शिकवणारा माणूस. कुणाच्या घरी लग्न निघालं की बस्ता बांधायला मला सोबत नेत. मी जात असे.

सुनेला "हो" म्हटल्यावर ती रात्र मी कशीतरी काढली. दुसऱ्या दिवशी बायको चकल्या तळत होती. मी पाटावर बसलो आणि सगळं सांगितलं. मिठापासून बाभळीपर्यंत. तिनं झारा खाली ठेवला नाही. एक घाणा काढला, दुसरा सोडला.

"मिठाचं त्या दिवशी सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर आम्ही रात्रीतून भिजवलं असतं. शिंप्याला आत्यांनी थांबवलं असतं. आत्यांचं कोण मोडत होतं?"

हे मला वीस वर्षांत सुचलं नव्हतं.

दुसरा घाणा काढताना ती म्हणाली, "मी त्याला तोंडभर शाप दिला होता. तुम्ही तो घेऊन गेलात नि सोबत आणलात." मग म्हणाली, "रविवारी सुनेला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार. आणि टर्नरभाऊजींनाही बोलवा."

परवा गेलो. टर्नर आता वाकला आहे, काठी घेऊन चालतो. त्याची ती लेक सासरी असते, तिला दुसरं मूल व्हायचंय. त्या दुकानात आता काचेची कपाटं आहेत. मालक पंचविशीचा. त्यानं स्टीलची वाटी पुढे केली. सुनेनं रुमाल काढून टोक भिजवलं, तसा मी म्हणालो, "थांब जरा." आणि सांगितलं. सून, बायको, टर्नर आणि तो अनोळखी मुलगा, एवढ्यांच्या देखत. ह्या जागी जो बसायचा त्या माणसानं मला सांगितलं होतं. मी विसरलो नव्हतो. मी लपवलं.

गल्लीत इतका गलका होता की शेवटचं वाक्य मला दोनदा म्हणावं लागलं.

दुकानदार मुलगा हसून म्हणाला, "कोणता सेठ काका? आमच्या आधीचे? आम्ही तर त्यांना पाहिलं पण नाही."

टर्नर काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "लई बोललो होतो मी त्याला." मग परत म्हणाला, "सणाच्या दिवशी." आणि उठून बाहेर जाऊन उभा राहिला. परतीच्या वाटेवर तो माझ्या शेजारून चालला नाही. बायको त्याच्या सोबत चालली, हळूहळू.

सून मात्र टर्नर उठून गेला तेव्हा तशीच बसली होती, भिजलेला रुमाल हातात घेऊन. मला वाटलं ती तो ठेवून देईल. मग ती हलकेच म्हणाली, "बाबा, कापड तर बघायलाच पाहिजे ना," आणि खाली वाकून घासू लागली.